घरच्या पाण्याच्या मोटरचं वायरिंग स्वतः करताना: १ एचपी सिंगल फेज मोनोब्लॉक, अर्थिंगपासून स्टार्टपर्यंत

पाण्याची मोटर चालू करायला दोनच वायरी लागतात, फेज आणि न्यूट्रल, जोडल्या की ती फिरते, गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागतं आणि घरातले सगळे खूष. अडचण इथेच आहे. अर्थिंगची वायर, आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की सप्लाय तोडणारा स्विच), ओव्हरलोड (मोटर ठरल्यापेक्षा जास्त करंट ओढायला लागली की तिला बंद करणारी यंत्रणा) या तिन्ही गोष्टी काढून टाकल्या तरी मोटर तेवढंच पाणी देते, म्हणून त्या नाहीत हे वर्षानुवर्षं कोणाला कळतच नाही, आणि कळतं तेव्हा कोणीतरी ओल्या पायाने मोटरला हात लावलेला असतो. त्यामुळे या लेखात मोटर चालवणाऱ्या वायरींपेक्षा तिच्या चालण्याशी संबंध नसलेल्या गोष्टींवरच जास्त बोलणार आहे, आधीच सांगतो.

उदाहरण घेतोय आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या सेटअपचं, म्हणजे अंगणात किंवा पार्किंगमध्ये जमिनीखाली हौद, शेजारी १ एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर (मोटर आणि पंप एकाच बॉडीत), वर गच्चीत हजार लिटरची टाकी. बोअरची सबमर्सिबल आणि शेतातली थ्री फेज यांच्याबद्दल शेवटी थोडं आहे.

आधी हद्द कुठे ते बघू. जळालेल्या मोटरच्या जागी तशीच नवी लावणं, स्विच बदलणं, कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा डबा) बदलणं ही कामं नीट समजून घेतली तर घरी होतात. पण मीटरपासून नवीन लाईन ओढणं, डीबीमध्ये (घरातल्या स्विच-फ्यूजच्या मुख्य पेटीत) नवीन सर्किट टाकणं, लोड वाढवणं ही कामं कायद्याने परवानाधारक ठेकेदार आणि परमिट असलेल्या वायरमनची आहेत. मीटर आणि मीटरच्या अलीकडचं सील याला तर हातच लावायचा नाही, ते महावितरणचं किंवा तुमच्या भागात जी कंपनी असेल तिचं. तरी हे सगळं माहीत असायला हवं, कारण वायरमन आला तरी "साहेब आरसीसीबी कशाला, उगाच ट्रिप होते" म्हणणारे कमी नाहीत, आणि तेव्हा तुम्हाला उत्तर देता आलं पाहिजे.

मोटरची पाटी वाचा

बॉडीवर रिव्हेट मारलेली छोटी पत्र्याची पाटी असते, तिच्यावर धूळ आणि रंग बसलेला असतो, पुसून मोबाईलने फोटो काढून ठेवा. बघायचं काय, तर व्होल्टेज, साधारण २२० ते २४० च्या आसपास काहीतरी, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, पॉवर ०.७५ किलोवॅट म्हणजेच १ एचपी, करंट किती अँपिअर, आणि कपॅसिटर किती मायक्रोफॅरड किती व्होल्टचा. १ एचपीचा करंट बहुतेक वेळा ६ ते साडेसात अँपिअर लिहिलेला असतो. काही जण ७४६ ला २३० ने भागून "सव्वातीन अँपिअर" असं गणित करतात, ते चुकीचं आहे, कारण १ एचपी ही शाफ्टवर मिळणारी ताकद आहे आणि लहान सिंगल फेज मोटरची एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर दोन्ही कमी असतात. पाटीवरचा आकडाच खरा धरायचा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. या लेखात मी ७ अँपिअर धरून चालतो. आणि स्टार्ट होताना मोटर क्षणभर याच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे ३५ ते ४० अँपिअर, हेही डोक्यात ठेवा.

सामान

वायर तांब्याची, आयएसआय मार्कवाली, २.५ स्क्वेअर एमएम. दुकानदार सांगेल की दीड स्क्वेअरची चालते, आणि करंटच्या हिशोबाने ती चालतेही, पण अंतराचं काय. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १३ ओहम, अडीचचा ८ ओहम. डीबीपासून मोटर ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर वायर झाली, दीडची वायर असेल तर ०.८ ओहम, चालू असताना साडेपाच व्होल्ट पडतात ते ठीक, पण स्टार्टला ४० अँपिअरला ३२ व्होल्ट जातात. उन्हाळ्यात संध्याकाळी लाईनच १९० व्होल्टची असेल तर त्यातून ३२ वजा करा, मोटर नुसती हुंकारत बसेल, फिरणार नाही. अडीचच्या वायरीत तेच १९ व्होल्ट होतात. अंतर १०० मीटर असेल तर अडीचसुद्धा कमी पडते, तिथे ४ किंवा ६ स्क्वेअरचा विचार करा.

अर्थची वायरही हिरवी, अडीचचीच घ्या. "अर्थला बारीक चालते" हे ऐकू नका, फॉल्टच्या वेळी सगळा करंट तिलाच न्यायचा असतो.

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) घ्यायचा डबल पोल, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा, सी कर्व्ह, १० अँपिअरचा. बी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच तुटतो, म्हणजे १० अँपिअरचा बी ३०-५० अँपिअरला, तो मोटरच्या स्टार्टला उगाच पडत राहील. सी कर्व्ह ५ ते १० पटीला, म्हणजे ५०-१०० अँपिअरला तुटतो, त्यात आपली मोटर आरामात सुरू होते. घरात पडलेला ३२ चा एमसीबी आहे म्हणून तोच लावणं हे मात्र सर्रास दिसतं, मग मोटर जाम झाली की वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळून धूर निघेपर्यंत एमसीबी शांत.

तसंही एमसीबी हा मुळात वायरीचं रक्षण करायला असतो, मोटरचं नाही. ७ अँपिअरची मोटर बेअरिंग गेल्यामुळे ११ अँपिअर ओढायला लागली तर १० चा एमसीबी ते बराच वेळ सहन करतो आणि मोटर आतून शिजते. त्यासाठी ओव्हरलोड लागतो. रेडिमेड सिंगल फेज स्टार्टर पॅनेल मिळतात, पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात, हिरवं-लाल बटण, ओव्हरलोड, व्होल्टमीटर-अँपमीटर असलेले, तसलं एक घेतलं की काम सोपं होतं. घेताना त्याची रेंज तुमच्या पाटीवरच्या करंटशी जुळते का ते बघा. अँपमीटर असलेलंच घ्या, रोज येता-जाता काटा दिसतो आणि मोटरची तब्येत कळते.

आरसीसीबी २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर, दोन पोलचा. यात तडजोड नाही. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे मिळतात ते आग लागू नये म्हणून, माणसाला वाचवायला ३० चाच. आणि आरसीसीबीला ओव्हरलोड-शॉर्टसर्किट कळत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळा लागतोच, किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ घ्या.

बाकी किरकोळ सामान म्हणजे जाड पीव्हीसी पाईप, केबल ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथे बसवायचं घट्ट बूच), तांब्याचे लग्ज (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे तुकडे) आणि ते दाबायची क्रिंपिंग पक्कड, बाहेर लावायचा झाकणाला रबर असलेला बॉक्स, मल्टिमीटर. जमलं तर क्लँप मीटर (वायरीभोवती नुसता धरून करंट मोजणारा), मित्राकडून मागून आणा.

अर्थिंग, यावर सगळ्यात जास्त वेळ घाला

मोटरच्या आत वाइंडिंगचं इन्सुलेशन कधीतरी जातंच, ओल, उंदीर, जुनं वार्निश, कारण काहीही असो. वाइंडिंगची तार बॉडीला टेकली की सगळी लोखंडी बॉडी २३० व्होल्टवर येते, पाईप जीआयचा असेल तर तोही, आणि मोटर फिरतच राहते. अशा वेळी फॉल्टचा करंट जमिनीत जायला वाट हवी म्हणून अर्थिंग. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पुढचं गणित फार लोक करत नाहीत. समजा तुमच्या घरच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स ५ ओहम आहे, जो घरगुती अर्थिंगसाठी चांगलाच म्हणायचा. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. सी १० एमसीबी लगेच तुटायला जास्तीत जास्त १०० अँपिअर लागू शकतात, म्हणजे ४६ ला तो काही सेकंद घेऊन गरम होऊन तुटेल. आता मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आणि रेझिस्टन्स २५ ओहम झाला. २३० भागिले २५, सव्वानऊ अँपिअर. १० चा एमसीबी कधीच तुटणार नाही. अर्थिंग आहे, एमसीबी आहे, वायरमनने सगळं "नीट" केलंय, आणि बॉडी तासन्‌तास लाईव्ह. म्हणून आरसीसीबी. त्याला ०.०३ अँपिअर बाहेर गळाला की पुरे, अर्थिंग २५ ओहम असो की १०० ओहम, तो डोळ्याची पापणी लवायच्या आत तोडतो. उलट बाजूने, अर्थिंगच नसेल आणि नुसता आरसीसीबी असेल तर तो तुटतो कधी, तर कोणीतरी हात लावल्यावर, त्या माणसाच्या अंगातून करंट गेल्यावर. वाचेल बहुतेक, पण झटका बसेल, आणि तो झटका बसल्यावर हौदात पडला तर. त्यामुळे दोन्ही लागतात, एक आहे म्हणून दुसरं नको असं नाही.

अर्थिंगचा खड्डा आधीच असेल तर चांगलंच. नसेल तर जीआय पाईपचं पारंपरिक अर्थिंग, पाईप निदान ४० मिमीचा, अडीच मीटर खोल, भोवती कोळसा आणि मीठ थर लावून, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण. आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्रात दोन फुटांखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, तिथे खणायला जीव जातो, अशा ठिकाणी बोअर मारून केमिकल अर्थिंगचा रॉड टाकणं परवडतं, किंवा थोड्या अंतरावर दोन रॉड टाकून एकमेकांना जोडायचे. काळ्या मातीत खणणं सोपं पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि रॉडभोवतीची माती सुटते, म्हणून तिथे मार्च ते मे खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा. अर्थ टेस्टरने रेझिस्टन्स मोजून घ्या, ते मशीन वायरमनकडे असतं. मल्टिमीटरने फेज ते अर्थ २३० व्होल्ट दाखवले म्हणजे अर्थिंग चांगलं असं होत नाही, कारण मल्टिमीटर करंट ओढतच नाही, शेकडो ओहमचं फालतू अर्थिंगही त्याला २३० च दिसतं.

दोन गोष्टी कधी करू नका. पहिली, नळाच्या पाईपला अर्थ बांधणं. पूर्वी जमिनीत जीआयची लाईन असायची, आता सगळे सीपीव्हीसी, यूपीव्हीसी, त्यातून अर्थ कुठे जाणार. दुसरी आणि जास्त भयानक, न्यूट्रलमधून एक तुकडा काढून बॉडीला जोडणं. "न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच" असं सांगून हे करणारे वायरमन मी पाहिलेत. ट्रान्सफॉर्मरपाशी ते एक असतं, तुमच्या अंगणात नसतं. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल सैल होईल त्या दिवशी वाइंडिंगमधून आलेला फेज सरळ मोटरच्या बॉडीवर, मोटर बंद पडलेली आणि बॉडी लाईव्ह, आणि ती का बंद पडली हे बघायला माणूस हात लावणारच.

सप्लाय बंद, आणि खरंच बंद

डीबीमधला त्या सर्किटचा एमसीबी पाडा, शक्य असेल तर मेनच पाडा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि कागदावर मोठ्या अक्षरात "काम चालू आहे, चालू करू नये" लिहून लावा. घरात सासरे, मुलं, कामवाल्या मावशी कोणीही "अरे लाईट का गेली" म्हणून वर करू शकतं. घरी इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरची वायर कुठून कुठे गेलीये हे जुन्या घरात कोणालाच माहीत नसतं.

मग तपासणी. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून आधी चालू असलेल्या एखाद्या सॉकेटवर लावा, २३० च्या आसपास दाखवतोय म्हणजे मीटर ठीक. (मेन पाडला असेल तर हे आधीच करून घ्या.) मग काम करायच्या वायरींवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा, शून्य यायला हवं. नंतर पुन्हा चालू जागी लावून बघा, मधल्या वेळात मीटरची बॅटरी किंवा प्रोब गेलेला नाही ना. खिशातल्या टेस्टरवर विसंबू नका, तो फार तर पहिल्या अंदाजाला. पायात जाड रबरी चप्पल आणि खाली कोरडी फळी असेल तर लाईव्ह वायरलाही मंद लागतो, आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट असेल तर भलतंच दाखवतो. वायरीच्या रंगावर तर अजिबात नको. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ हा नियम लिहिण्यापुरता, जुन्या घरात हिरव्या वायरीतून फेज आणलेला निघतो, कारण त्या दिवशी तेवढाच तुकडा शिल्लक होता.

वायर ओढणं आणि बॉक्स

क्रम असा ठेवायचा: डीबीमधला एमसीबी, मग आरसीसीबी, मग मोटरजवळचं स्टार्टर पॅनेल, मग मोटर. आरसीसीबी जितका मागे तितकं चांगलं, कारण त्याच्या पुढची सगळी वायर त्याच्या नजरेत येते. फ्लोट स्विच लावणार असाल, म्हणजे टाकी भरली की आपोआप बंद होणारा, तर तो सुद्धा आरसीसीबीच्या पुढेच आला पाहिजे, त्याची वायर पाण्यात लोंबत असते आणि तिच्यात २३० व्होल्ट असतात.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना छळते. आरसीसीबीमधून फेज घेतला आणि न्यूट्रल मात्र जवळच्या बाथरूमच्या बोर्डातून उसना घेतला, तर मोटर चालू केली रे केली की आरसीसीबी पडणार. त्याला गेलेला आणि आलेला करंट सारखा हवा असतो, आणि तुम्ही आलेला दुसरीकडून पाठवताय. मग लोक म्हणतात आरसीसीबी खराब आहे आणि तो काढून टाकतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच आरसीसीबीतून, आणि तो न्यूट्रल दुसऱ्या कशालाही जोडायचा नाही.

बाहेरचा पाईप जमिनीपासून थोडा वर ठेवा, हौदाच्या झाकणावरून वायर ओढू नका. स्टार्टर पॅनेल भिंतीवर छातीच्या उंचीला, छताखाली, आणि हौदापासून इतकं लांब की एक हात पाण्यात आणि एक बटणावर असं करताच येऊ नये. बॉक्समध्ये वायर खालून शिरली पाहिजे. वरून शिरली तर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत सरळ आत. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये जाताना केबलला आधी खाली एक झोळ द्या आणि मग वर चढवून ग्लँडमध्ये घाला, पाणी झोळाच्या टोकाशी गळून जातं. मधे जॉइंट नको, अख्खी वायर एका तुकड्यात. आणि अॅल्युमिनियमच्या जुन्या वायरीला तांब्याची वायर पिळून टेप मारणं हे तर बंदच करा, तो जॉइंट गरम होऊन जळतोच.

वायर सोलताना बाहेरचे तंतू कापले जाऊ देऊ नका. बारीक तारांची वायर असते तिला टोकाला लग किंवा पिन दाबून मगच स्क्रूखाली घाला. स्क्रू आवळला की वायर हाताने चांगली ओढून बघा, सुटली तर परत करा. जळालेले एमसीबी आणि काळे पडलेले टर्मिनल बहुतेक वेळा सैल स्क्रूचे असतात, जास्त लोडचे नाही. महिन्याभराने सप्लाय बंद करून सगळे स्क्रू परत एकदा आवळा, तांबं थोडं दबतं.

मोटरच्या डब्यातलं कनेक्शन

नवीन मोनोब्लॉकमध्ये कपॅसिटर बहुधा कंपनीतूनच जोडून येतो आणि तुमच्यासाठी दोन टर्मिनल मोकळी असतात, तिथे फेज आणि न्यूट्रल, आणि बॉडीवर अर्थचं चिन्ह असलेला स्क्रू, तिथे हिरवी वायर लग लावून. सिंगल फेजला फेज-न्यूट्रल उलटे झाले तर मोटर उलटी फिरत नाही, ही भीती मनातून काढा. अर्थची वायर डब्यात इतरांपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे केबल कोणी ओढली तर फेज-न्यूट्रल आधी सुटतील, अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थच्या स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा. रंगावरच लग बसवला तर दिसायला अर्थिंग, प्रत्यक्षात काही नाही.

रिवाइंड करून आणलेल्या मोटरमधून तीन वायरी नुसत्याच बाहेर येतात आणि कोणती कुठली हे विचारायला रिवाइंडिंगवाला फोन उचलत नाही, तेव्हा हे करा. आत दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग, दोघांचं एकेक टोक एकत्र बांधून कॉमन केलेलं असतं. कपॅसिटर सुटा करून मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा. समजा ३.२, ७.१ आणि १०.३ आलं. सगळ्यात मोठा आकडा ज्या दोन वायरींत आला, त्या दोन सोडून उरलेली तिसरी ती कॉमन. आता कॉमनपासून कमी रेझिस्टन्सवाली ती रनिंग, जास्तवाली स्टार्टिंग. लहान दोन आकड्यांची बेरीज मोठ्याएवढी येते का ते बघा, येत नसेल तर वाइंडिंगमध्ये घोळ आहे. जोडणी मग अशी: सप्लायचं एक टोक कॉमनला, दुसरं रनिंगला, आणि कपॅसिटर रनिंग व स्टार्टिंगच्या मध्ये.

कपॅसिटर पाटीवर लिहिलाय तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, ४४० व्होल्टचा सहसा मिळतो. "जरा मोठा टाका, जोर येईल" हा सल्ला मोटर तापवतो. बदलताना जुन्यात चार्ज राहिलेला असतो हे विसरू नका, सप्लाय बंद करून बराच वेळ झाला तरी. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची पद्धत आहे ती नको, कपॅसिटर आणि डोळे दोन्हीला वाईट. १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पक्कडीने धरून दोन्ही टोकांना चार-पाच सेकंद लावा, मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून शून्य आल्याची खात्री करा.

चालू करण्याआधी

सप्लाय बंद असतानाच तीन मोजमापं. पॅनेलमधल्या अर्थच्या टोकापासून मोटरच्या उघड्या धातूपर्यंत रेझिस्टन्स, तो १ ओहमच्या आत हवा. फेज-न्यूट्रलच्या टोकांमध्ये, मोटरच्या बाजूने, वाइंडिंगचे काही ओहम दिसले पाहिजेत, शून्य नको आणि ओपनही नको. आणि वाइंडिंगच्या टोकापासून बॉडीपर्यंत, मल्टिमीटर सगळ्यात वरच्या मेगाओहम रेंजवर, काहीच दिसता कामा नये. तरी मल्टिमीटरची बॅटरी ९ व्होल्टची, खरं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनेच (इन्सुलेशन मोजायच्या मशीननेच) कळतं, १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर लावूच नका, वाळवून परत मोजा. जुनी, पावसात भिजलेली किंवा वर्षभर पडून असलेली मोटर असेल तर रिवाइंडिंगच्या दुकानात मेगर करून आणा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग पंपात पाणी भरा, प्रायमिंग केल्याशिवाय चालवली तर मेकॅनिकल सील जळतो. शाफ्ट मागच्या फॅनकडून हाताने फिरवून बघा, मोकळा फिरला पाहिजे. डब्याची झाकणं लावा, हो, आधी झाकणं आणि मग सप्लाय. आरसीसीबी वर करून मोटर चालू करायच्या आधी टेस्टचं बटण दाबा, फाटकन पडला पाहिजे. नाही पडला तर पुढे जायचंच नाही. हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं. एक मात्र लक्षात घ्या, टेस्ट बटण फक्त आरसीसीबी तपासतं, तुमचं अर्थिंग नाही.

आता चालू करा. हात मागे, चप्पल पायात, कोणीतरी मोठं माणूस डीबीपाशी उभं. मोटर सेकंदाभरात पूर्ण स्पीडला आली पाहिजे. नुसती हुंकारली तर लगेच बंद, दोन-तीन सेकंदांच्या वर थांबू नका. बाणाच्या दिशेने फिरतेय का बघा. उलटी फिरली तर सेंट्रिफ्युगल पंप पाणी देतो पण निम्मं-अर्धं, म्हणून "पाणी येतंय ना" हा पुरावा नाही. पूर्ण पाणी सुरू झाल्यावर क्लँप मीटर एकट्या फेजच्या वायरीभोवती धरा, दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर शून्य दाखवतो. पाटीवरच्या करंटपेक्षा कमी किंवा तेवढाच हवा, आणि ओव्हरलोडचा काटा पाटीवरच्या करंटवर ठेवायचा. सारखा ट्रिप होतो म्हणून तो पुढे सरकवणं म्हणजे मोटरचं मरण लिहून देणं. त्याच वेळी व्होल्टेजही मोजा, डीबीवर आणि मोटरवर, फरक ५-६ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी स्क्रू सैल आहे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट दिसले तर चालतं, पंधरा-वीस दिसले तर वायरमनला बोलवा.

काही झालं तर

हुंकारते पण फिरत नाही: बहुतेक वेळा कपॅसिटर, नाहीतर व्होल्टेज, नाहीतर पंप जाम. मध्येच बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपोआप चालू होते: आत थर्मल प्रोटेक्टर असतो, तो तापल्यावर तोडतो आणि गार झाल्यावर जोडतो, त्यामुळे "बंद आहे" म्हणून फॅनमध्ये बोटं घालू नका, आधी एमसीबी पाडा. पहिल्या पावसात आरसीसीबी पडायला लागला तर आरसीसीबीला शिव्या देऊ नका, टर्मिनल बॉक्सचं रबर, ग्लँड आणि फ्लोटच्या वायरीचा जॉइंट बघा, तिथे पाणी शिरलेलं असतं. मोटरच्या वायरी पॅनेलमधून सोडून आरसीसीबी वर करा, टिकला तर दोष मोटरकडे, तरीही पडला तर लाईनमध्ये.

बोअरच्या सबमर्सिबलचं गणित हेच, फक्त कपॅसिटर वर पॅनेलमध्ये असतात आणि तीन वायरी खाली जातात. त्यांचे लाल-पिवळा-निळा हे रंग कंपनीगणिक वेगळ्या अर्थाचे असतात, म्हणून पॅनेलच्या झाकणाच्या आतला डायग्राम आणि वर सांगितलेलं ओहमचं माप, या दोन्हींवरच जा. पाण्याखालचा केबल जॉइंट साध्या काळ्या टेपने करू नका, त्याचं किट मिळतं.

थ्री फेजमध्ये कोणत्याही दोन फेज अदलाबदल केल्या की दिशा उलटते, आणि एक फेज गेली तर मोटर दोन फेजवर चालत राहून जळते, म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लागतोच. पण ४१५ व्होल्टचं काम घरच्या घरी शिकायचं नाही, एवढंच म्हणेन. आणि शेतात ऑटो स्विच लावला असेल तर, शेतीची लाईन पाळीने कधी दिवसा कधी रात्री येते, ती आली की मोटर न विचारता सुरू होते, त्यामुळे लाईन गेलेली असताना पेटीत किंवा पंपात हात घालायचा झाला तर आधी ऑटो बंद, मग मेन खाली, मग फ्यूज काढून खिशात.

कोणाला शॉक बसून चिकटलेलं दिसलं तर त्याला हात लावू नका, आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर ढकला, तेही तुम्ही स्वतः कोरड्या जागी उभे असाल तरच. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. शुद्धीवर असला, "काही नाही झालं" म्हणाला तरी दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. आणि बाहेरची वायर तुटून पडलेली दिसली, विजेच्या खांबावरून ठिणग्या उडताना दिसल्या तर ते आपलं काम नाही, लांब राहून १९१२ ला फोन करा.